बांबूच्या पोटातले फुरफुराल

फुरफुराल हे सेंद्रिय रसायनशास्त्रातील एक पायाभूत संयुग होय. ताजे ऊर्ध्वपातन केलेले फुरफुराल रंगहीन, तेलकट द्रवरूपात मिळते. हवा लागली की ते पिवळे, मग तांबूस आणि अखेरीस काळपट तपकिरी होते. त्याला कडू बदामासारखा वास असतो. ते पाण्यापेक्षा जड असून सुमारे १६२ अंश सेल्सिअसला उकळते. त्याच्या रेणूत कार्बनचे पाच, हायड्रोजनचे चार आणि ऑक्सिजनचे दोन अणू असतात. चार कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचे पंचकोनी वलय आणि त्या वलयाला जोडलेला एक अल्डिहाइड गट अशी त्याची रचना आहे. या साध्या रचनेतच त्याचे सारे मोल आहे. वलय एका प्रकारे क्रिया करते, अल्डिहाइड गट दुसऱ्या प्रकारे. म्हणून या एका रेणूपासून शेकडो निराळी संयुगे घडवता येतात.

आजची बहुतेक पायाभूत सेंद्रिय रसायने खनिज तेलापासून किंवा नैसर्गिक वायूपासून काढली जातात. फुरफुराल त्याला अपवाद आहे. ते व्यापारी प्रमाणावर केवळ वनस्पतींपासूनच तयार होते. मक्याची कणसे, ओटची टरफले, उसाचे चिपाड, भाताचा कोंडा, कपाशीच्या पऱ्हाट्या आणि बांबू हा त्याचा कच्चा माल. ही यादी वाचणाऱ्या पूर्व विदर्भातील माणसाला त्यातल्या निम्म्या वस्तू आपल्या गावाच्या शिवारात दिसतील. बांबू तर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या अर्थकारणाचा, तंट्यांचा आणि अलीकडच्या काळात हक्कांचाही विषय राहिला आहे. म्हणूनच या रसायनाची ओळख येथील बांबूच्या संदर्भात करून घेणे सोयीचे ठरते.

कोंड्यापासून नायलॉनपर्यंत

जर्मनीतील येना येथील रसायनशास्त्रज्ञ योहान वोल्फगांग डोबेरायनर फॉर्मिक आम्ल तयार करण्याचे प्रयोग करीत होता. साखरेसारख्या पदार्थांवर गंधकाम्ल आणि मँगनीज डायऑक्साइड यांची क्रिया केली असता फॉर्मिक आम्लासोबत थोडेसे वासाचे तेल येते, असे त्याला आढळले. १८३२ साली त्याने ही नोंद प्रसिद्ध केली. मूलद्रव्यांच्या त्रिकुटांची कल्पना मांडणारा डोबेरायनर तो हाच. पुढे १८४० साली जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने धान्याचा कोंडा, लाकडाचा भुसा अशा अनेक वस्तूंपासून हेच तेल मिळते असे दाखवून त्याचे सूत्र ठरविले. १८४५ मध्ये जॉर्ज फाउन्सने त्याला नाव दिले. लॅटिन भाषेत कोंड्याला ‘फुरफुर’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले. रेणूची नेमकी रचना मात्र १९०१ साली कार्ल हॅरिसने सिद्ध केली.

जवळजवळ नव्वद वर्षे हे रसायन प्रयोगशाळेतील कुपीतच राहिले. त्याला बाहेर काढले ते अमेरिकेतील क्वेकर ओट्स या न्याहारीचे पदार्थ बनविणाऱ्या कंपनीने. आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स येथील तिच्या गिरणीत ओटच्या टरफलांचे ढीग साचत होते. १९२२ साली तेथे टरफलांपासून फुरफुरालचे उत्पादन सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबरासाठी लागणारा ब्युटाडाइन शुद्ध करण्याच्या कामी ते आले. युद्धानंतर ड्यू पाँट कंपनीने फुरफुरालपासून नायलॉनचा मध्यवर्ती घटक तयार केला. मक्याच्या कणसापासून मोजे बनतात असे तेव्हा कौतुकाने म्हटले जाई. १९६१ च्या सुमारास ते थांबले. खनिज तेलापासून तोच घटक स्वस्तात मिळू लागला होता. शेतमालावर उभे राहिलेले रसायन तेलाने बाजूला सारल्याचे हे ठळक उदाहरण आहे, आणि बांबूपासून रसायने काढण्याच्या आजच्या प्रत्येक योजनेला या इतिहासाचा हिशोब धरावा लागतो.

बांबूत ते येते कोठून?

खरे तर बांबूत फुरफुराल नसतेच. बांबूच्या काष्ठात तीन मुख्य घटक असतात. सेल्युलोजचे लांब तंतू, त्यांना घट्ट धरून ठेवणारे लिग्निन आणि या दोहोंच्या मध्ये भरलेले हेमिसेल्युलोज. गवताच्या कुळातील वनस्पतींत, आणि बांबू हे गवतच आहे, या हेमिसेल्युलोजचा मोठा भाग पाच कार्बनांच्या शर्करांच्या साखळ्यांचा असतो. त्यांना पेंटोसॅन म्हणतात. वाळलेल्या बांबूत त्यांचे प्रमाण साधारण १५ ते २० टक्के भरते.

आम्लाच्या सान्निध्यात ही साखळी तापवली की ती तुटून झायलोज ही शर्करा सुटी होते. उष्णता वाढवत १५० ते २०० अंशांपर्यंत नेली की झायलोजच्या प्रत्येक रेणूतून पाण्याचे तीन रेणू निघून जातात आणि मागे राहते ते फुरफुराल. तयार झालेले फुरफुराल त्याच भांड्यात जास्त वेळ राहिले, तर ते स्वतःशी आणि उरलेल्या शर्करेशी जोडले जाऊन काळे, निरुपयोगी डांबर बनते. म्हणून वाफेचा झोत सोडून ते तयार होताक्षणी बाहेर ओढावे लागते. थंड केल्यावर वाफेचे दोन थर होतात. खाली फुरफुराल आणि वर पाणी. वाफेसोबत अ‍ॅसेटिक आम्लही येते, कारण बांबूच्या हेमिसेल्युलोजला अ‍ॅसेटिल गट जोडलेले असतात. ते वेगळे काढले तर दुसरा विक्रीयोग्य माल, न काढले तर आंबट सांडपाणी!

हिशोबाने पाहता १०० किलो पेंटोसॅनपासून जास्तीत जास्त ७२ ते ७३ किलो फुरफुराल मिळू शकते. प्रत्यक्षात जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत याच्या निम्म्याच्या आसपास हाती लागते. म्हणजे १७ टक्के पेंटोसॅन असलेल्या एक टन वाळलेल्या बांबूत १७० किलो पेंटोसॅन, त्यातून कागदावर १२४ किलो आणि प्रत्यक्षात साठेक किलो फुरफुराल. जुन्या पद्धतीत एक टन फुरफुरालमागे २५ टनांहून अधिक वाफ खर्ची पडते. या धंद्याचा नफा-तोटा रसायनापेक्षा बॉयलरच ठरवतो, असे म्हटले तर ते चूक नाही.

उपयोगांचा पसारा

जगात तयार होणाऱ्या फुरफुरालचा मोठा हिस्सा हायड्रोजनच्या क्रियेने फुरफुरिल अल्कोहोलमध्ये बदलला जातो. त्यापासून बनणारे फ्युरान रेझिन ओतकामाच्या वाळूला बांधून ठेवते. पंपाचे आवरण किंवा इंजिनाचा भाग ओतण्याचा साचा या रेझिनमुळे भट्टीत न भाजताच कडक होतो. कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या केंद्रांना हे रेझिन अपरिचित नाही. फुरफुरालमधील अल्डिहाइड गट काढून टाकला की फ्युरान, त्याला हायड्रोजन दिला की टेट्राहायड्रोफ्युरान हे प्रयोगशाळांचे आवडते द्रावक मिळते. वंगण तेलातील नको असलेले घटक धुऊन काढण्यासाठी स्वतः फुरफुराल द्रावक म्हणून वापरले जाते.

औषधांच्या क्षेत्रात हे वलय अनेक ओळखीच्या नावांत दडलेले आहे. मूत्रमार्गाच्या संसर्गावरील नायट्रोफ्युरँटॉइन हे नायट्रोफुरफुरालपासून तयार होते. शरीरात साठलेले पाणी उतरविण्यासाठी दिले जाणारे फ्युरोसेमाइड फुरफुरिलअमाइनपासून बनते. एके काळी जगात सर्वाधिक खपलेले आम्लपित्तावरील रॅनिटिडीन फुरफुरिल अल्कोहोलच्या वाटेने येते. दम्याच्या आणि त्वचेच्या औषधांतील ‘फ्युरोएट’ हा शब्दही याच घराण्याचा. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या फ्युरोसेमाइडच्या गोळीचा उगम कुठल्या तरी परक्या देशातील मक्याच्या कणसात असू शकतो. या रसायनाच्या उत्पादनात चीन कित्येक वर्षे जगात पहिला आहे, आणि त्याचा कच्चा माल मुख्यतः मक्याची कणसेच आहेत.

फुरफुराल कारखान्याबाहेरही भेटते. भाजलेल्या पावात, कॉफीत ते अल्प प्रमाणात असते. जुन्या पुस्तकाला येणाऱ्या गोडसर वासात त्याचा वाटा असतो, कारण आम्लयुक्त कागद वर्षानुवर्षे हळूहळू त्याच मार्गाने तुटत जातो. विजेच्या मोठ्या रोहित्रांत तांब्याच्या तारांभोवती कागद गुंडाळलेला असतो आणि तो तेलात बुडालेला असतो. कागद जीर्ण होऊ लागला की तेलात फुरफुराल उतरते. रोहित्र न उघडता, तेलाच्या नमुन्यातील फुरफुरालच्या प्रमाणावरून आतल्या कागदाचे उरलेले आयुष्य अजमावता येते. ज्या चंद्रपुरात २९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे, तेथील विद्युत अभियंत्यांना या रसायनाचे नाव बांबूपेक्षा रोहित्राच्या संदर्भातच अधिक ठाऊक असण्याची शक्यता आहे.

बल्लारपूरचा लगदा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील बांबूचा पहिला मोठा रासायनिक उपयोग कागदासाठी झाला. बांबूपासून लगदा काढण्याचे तंत्र देहरादून येथील वन संशोधन संस्थेत विल्यम रेट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बसविले आणि १९२५ साली या उद्योगाला जकातीचे संरक्षण देणारा कायदाही झाला. बल्लारपूरची कागद कंपनी १९४५ साली स्थापन झाली. वर्धा नदीचे पाणी, बल्लारशाहचा रेल्वेमार्ग, जवळचा कोळसा आणि मागे पसरलेले बांबूचे रान अशी तिची जागा होती. गडचिरोली जिल्ह्यात आष्टी येथेही नंतर कागदाचे युनिट आले. येथील जंगलातील मुख्य जात मानवेल, म्हणजे भरीव बुंध्याचा बांबू. नदीनाल्यांच्या काठी काटेरी कळकही आढळतो. पुढे निलगिरी आणि सुबाभूळ यांचे लाकूड कागदासाठी येऊ लागले, तरी या कारखान्याची ओळख बांबूचीच राहिली.

कागदाच्या लगद्यासाठी बांबूचे तुकडे दाहक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात शिजवतात. लिग्निन विरघळून जाते, सेल्युलोजचे तंतू उरतात. हेमिसेल्युलोजचा काही भाग तंतूंना चिकटून राहतो आणि कागदाला बळकटी देतो. बाकीचा अल्कलीत मोडून काळ्या द्रवासोबत जातो. हा काळा द्रव आटवून बॉयलरमध्ये जाळला जातो, त्यातून वाफ, वीज आणि पुन्हा वापरायची रसायने मिळतात. म्हणजे ज्या शर्करेपासून फुरफुराल झाले असते, तिचा बराचसा भाग इंधन म्हणून जळतो. यात उधळपट्टी आहे असे मात्र म्हणता येत नाही. जळण म्हणून हेमिसेल्युलोज कमी प्रतीचे असले तरी ते काढून घेतले तर वाफेची तूट दुसऱ्या इंधनाने भरून काढावी लागते. लगदा शिजवण्यापूर्वी बांबूला गरम पाण्याने किंवा सौम्य आम्लाने प्रक्रिया करून ही शर्करा आधीच बाहेर काढण्याची पद्धत अस्तित्वात आहे. रेयॉनसाठी लागणाऱ्या शुद्ध लगद्याच्या बाबतीत ती वापरली जाते. कागदासाठी ती वापरली की लगद्याचा उतारा घटतो.

आसामचा कारखाना

बांबूपासून थेट रसायने काढण्याचा देशातील मोठा प्रयत्न विदर्भात झाला नाही, तो आसामात झाला. नुमालीगड तेलशुद्धीकरण कंपनीने फिनलंडच्या फोर्टम आणि केम्पोलिस या कंपन्यांसोबत भागीदारीत गोलाघाट जिल्ह्यात जैव-शुद्धीकरण कारखाना उभारला. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते १४ सप्टेंबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. वर्षाला सुमारे ५ लाख टन हिरव्या बांबूपासून ४९ हजार टनांच्या आसपास इथेनॉल, सुमारे १९ हजार टन फुरफुराल आणि ११ हजार टन अ‍ॅसेटिक आम्ल असे त्याचे नियोजन आहे. हिरव्या बांबूत ४० टक्के पाणी धरले, तर वाळलेल्या टनामागे फुरफुराल ६३ किलोच्या आसपास येते. वर मांडलेल्या हिशोबाशी हे जुळते.

या तंत्रात बांबूचे घटक वेगळे करण्यासाठी फॉर्मिक आम्ल वापरतात. डोबेरायनरला जे आम्ल करताना फुरफुराल अपघाताने सापडले, तेच आम्ल दोनशे वर्षांनी ते मुद्दाम काढण्याच्या कामी यावे, हा योगायोग मजेचा आहे.

आसामच्या आकड्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. इथेनॉल हा तेथील मुख्य माल असून पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी त्याला ठरलेला ग्राहक आहे. फुरफुराल आणि अ‍ॅसेटिक आम्ल त्याच्या जोडीला येतात. केवळ फुरफुरालसाठी बांबू तोडणे परवडण्याजोगे नाही, कारण टनभर वाळलेल्या बांबूतील नऊशे किलोंहून अधिक भागाचे काय करायचे हा प्रश्न उरतो. गडचिरोलीच्या बांबूबद्दल अशा योजना मांडल्या जातात तेव्हा हा उरलेला भाग हाच खरा मुद्दा असतो. भाषणांत मात्र तो क्वचितच येतो.

बांबू कोणाचा?

आसाम आणि चंद्रपूर-गडचिरोली यांत मोठा फरक मालकीचा आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश केला होता. वनस्पतिशास्त्राने ज्याला गवत ठरवले, त्याला कायद्याने झाड ठरवले! परिणामी जंगलातील बांबू वन विभागाचा, कागद कारखान्याला तो दीर्घ मुदतीच्या करारांनी, बुरडांना सवलतीच्या दराने ठरावीक संख्येत आणि गावकऱ्यांना निस्तारापुरता, अशी वाटणी अनेक दशके चालली. टोपल्या, सुपे आणि ताटवे विणून पोट भरणाऱ्या बुरड समाजाची चांगल्या बांबूच्या टंचाईची तक्रार जुनी आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात घातले. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी जोडलेले हे गाव. हक्क मिळाला तरी तोडलेला बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ साली सुमारे १००६ हेक्टरांवर हक्क मिळाला. त्या ग्रामसभेने बांबू लिलावाने विकण्यास सुरुवात केली, स्वतःचे नियम केले आणि तेंदूपानांच्या तोडणीने झाडे छाटली जातात, जंगलात आगी लागतात, म्हणून तेंदूचे उत्पन्न सोडून दिले. २०१७ साली वन कायद्यातील व्याख्या बदलली, परंतु ती सूट जंगलाबाहेरील, म्हणजे शेतातल्या बांबूपुरती आहे.

या दोन गावांनंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा बांबूच्या विक्रेत्या झाल्या. याचा अर्थ असा, की येथे बांबूवर चालणारा कोणताही रासायनिक कारखाना उभा करायचा झाला, तर त्याला एका वन विभागाशी करार करून भागणार नाही. प्रत्येक ग्रामसभेशी दर, तोडणीची पाळी आणि मजुरी ठरवावी लागेल. कारखान्याला हे अडचणीचे वाटेल. गावांच्या बाजूने पाहिले तर लांब, सरळ बांबूला व्यापारी चांगला दर देतो. लगदा किंवा रसायन यांसाठी जाणारा बांबू वजनावर जातो, आणि भट्टीत शिजणाऱ्या बांबूचा सरळपणा कोणी पाहत नाही. त्यामुळे उत्तम बांबू रसायनासाठी देण्यात गावाचे हित नाही, हे उघड आहे.

टाकाऊ मालाचा विचार मात्र वेगळा. अगरबत्तीच्या काड्या, फर्निचर किंवा विणकाम यांत बांबूचा बराचसा भाग गाठी, शेंडे, साल आणि चोथा म्हणून वाया जातो. २०१४ साली चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे स्थापन झालेल्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रामुळे या भागात बांबूकामाला चालना मिळाली, आणि काम वाढते तसा चोथाही वाढतो. त्याहून मोठा साठा भाताच्या कोंड्याचा आहे. पूर्व विदर्भ हा भाताचा मुलूख. येथील भात गिरण्यांतून निघणारा कोंडा पेंटोसॅनच्या बाबतीत बांबूच्या जवळपास बसतो आणि तो गिरणीच्या दारातच गोळा झालेला असतो. त्यासाठी कोणाच्याही जंगलात कुऱ्हाड न्यावी लागत नाही. ज्या वस्तूवरून या रसायनाला नाव मिळाले, तिच्याकडेच आधी पाहणे अधिक शहाणपणाचे दिसते. अडचण एवढीच, की हा कोंडा आज बॉयलरमध्ये जळण म्हणून विकला जातो आणि त्याला आधीच भाव आहे.

पाणी, हवा आणि फुलोरा

फुरफुराल निरुपद्रवी नाही. त्याची वाफ डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला झोंबते, द्रव त्वचेतून शरीरात शिरते. कारखान्याच्या सांडपाण्यात अ‍ॅसेटिक आम्ल आणि विरघळलेले सेंद्रिय पदार्थ असतात. प्रक्रिया न करता ते नदीत गेले तर पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या क्रमांकावर होते, आणि त्यानंतर तेथे नव्या उद्योगांवर काही काळ बंदीही आली होती. कोळसा, वीज, सिमेंट आणि कागद यांचा भार आधीच सोसणाऱ्या या जिल्ह्यात वाफेसाठी आणखी एक बॉयलर पेटवणे ही साधी बाब नाही.

शिवाय बांबूचा स्वतःचा एक नियम आहे. मानवेल कित्येक दशकांतून एकदा मोठ्या प्रमाणावर फुलतो, बी धरतो आणि फुललेली बेटे वाळून मरतात. जमिनीवर पडलेल्या बियांतून नवे रान उभे राहते, परंतु तोडणीयोग्य बांबू मिळायला पुढे काही वर्षे जावी लागतात. वाळलेल्या बेटांमुळे वणव्याचा धोका वाढतो, म्हणून मेलेला बांबू लवकर बाहेर काढावा लागतो. तो टोपलीला ठिसूळ, फर्निचरला कुचकामी. लगद्याला आणि रसायनाला मात्र चालतो. फुलोऱ्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांत बांबूचा असा पूर येतो आणि मग बराच काळ दुष्काळ. कारखान्याला तर दरवर्षी तेवढाच माल हवा असतो.